रेलाची सवत

खुशाल नन्नावरेच्या घरात बायकोपेक्षा वाघिणीचं नाव जास्त वेळा निघायचं. हे त्याची बायको उर्वशीच सांगायची, आणि सांगताना हसायची.

मोहर्लीच्या पुढे, ताडोब्याच्या जंगलाबाहेरच्या बफर पट्ट्यात बेहडाटोला नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेवर मी काही वर्षं मास्तर होतो आणि नन्नावऱ्यांचं घर शाळेच्या कुंपणाला लागून होतं. खुशाल सफारीचा गाईड. रोज पहाटे खाकी शर्ट चढवून गेटवर जायचा, जिप्सीत ड्रायव्हरशेजारी बसायचा आणि पुण्या-मुंबईच्या, हैदराबादच्या लोकांना वाघ दाखवायचा. गाईड तसे पुष्कळ होते. पण रेला नावाच्या वाघिणीची खबर हवी असली, तर सगळे खुशालला विचारत. ती बछडी असताना पहिल्यांदा त्यालाच दिसली होती, फुललेल्या बहाव्याखाली. बहाव्याला गोंडीत रेला म्हणतात. त्यानं सहज तोंडाला आलं ते नाव ठेवलं आणि ते सगळ्या गेटांवर पसरलं. डाव्या डोळ्यावरचा तिचा पट्टा मध्येच तुटून दोन टिकल्यांसारखा दिसायचा. त्यावरून तो तिला लांबूनही ओळखायचा.

घरी जेवायला बसला तरी तेच. रेला आज तलावावर आली होती. रेलानं रानडुक्कर पाडलं. रेला मागच्या पायानं लंगडून राह्यली.

एकदा उर्वशीनं ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि उभ्या उभ्याच विचारलं, "मले एवढं सांगा जी, मी मोठी का ते मोठी?"

"म्हणजे?"

"दोन बायका असल्या का एक मोठी रायते, एक धाकटी. मी कोणती?"

खुशालची आई गुणाबाई अंगणात तूर पाखडत होती. ती इतकी हसली की सूप हातातून सुटलं. त्या दिवसापासून घरात रेलाला 'सवत' म्हणायची चाल पडली.

उर्वशी चिमूरकडची. तिचे वडील बापूराव झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवायचे. दिवाळी उलटून गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या की ते महिनोन्‌महिने बाहेर असत. सुट्टीत लहानगी उर्वशी त्यांच्यासोबत जायची, विंगेत पोत्यावर बसून अख्खं नाटक पाहायची आणि घरी येऊन सगळ्यांचे संवाद सगळ्यांच्या आवाजात म्हणायची. बारावीत असताना एका मंडळीनं तिला काम देऊ केलं. बापूराव कबूल होते. बाकी घर उठलं. पेटी वाजवणं वेगळं आणि पोरीनं लायटीखाली उभं राहणं वेगळं, असं काकांनी सुनावलं. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

तिनं त्याचं दुःख कधी उगाळलं नाही. पण आवाज कुठं जातो? मळणीवर बायका थकल्या की उर्वशी कुणाची तरी नक्कल करायची आणि हाताला पुन्हा वेग यायचा. शाळेतल्या पंधरा ऑगस्टला मी माईक तिच्याच हातात देत असे.

इन्स्टाग्रामवरच्या खात्याची सुरुवात झाली ती तिच्या मुलीमुळे. दिव्यानी तेव्हा नववीत होती. जंगलात मोबाईल नेता येत नाही. पण टुरिस्ट आपल्या कॅमेऱ्यातले तुकडे मागाहून खुशालला पाठवत. घरात मोबाईल एकच. संध्याकाळी दोघी मायलेकी ते पाहत बसायच्या. एक दिवस रेला पाण्यात उतरत होती आणि उर्वशी आपली सवयीनं बोलायला लागली.

"आली पाहा माह्यी सवत. कशी चालते पाहा, पाटलाची सून असल्यावानी. हिले ना पाणी भरा लागत, ना भांडे घासा लागत. बसली पाण्यात मस्त. अन् आमचे हे उन्हातान्हात हिच्याच मागं."

दिव्यानीनं ते इन्स्टाच्या ॲपमध्येच गुपचूप त्या तुकड्यावर चढवलं आणि आईला ऐकवलं. उर्वशी लाजली. मग म्हणाली, "पुन्हा घे. 'मस्त' म्हणताना माह्या आवाज पडला."

"आई, इन्स्टावर टाकू? तुझ्या नावानं?"

"माह्यं नाव नको गं. तुह्या आजोबाच्या घरी कळलं तं म्हणतीन, शेवटी नाटकात गेलीच." थोडा विचार करून तिनं सांगितलं, "रेलाची सवत टाक. सवतीले काई नाव रायत नाई."

अशा रीतीनं इंग्रजी अक्षरांत 'रेलाची सवत' हे खातं निघालं. फोटोच्या जागी बहाव्याचा घोस. उर्वशीचा चेहरा तिथं कधीच आला नाही, नावही आलं नाही. फक्त आवाज. आधी गेटवरचे लोक पाहायचे, मग चंद्रपूरचे, मग कुठले कुठले. ज्यांना मराठी येत नव्हतं तेही पाहायचे आणि बोलणाऱ्या बाईबद्दल विचारायचे. लोक गेटवर येऊन 'वो सवतवाला गाईड' मागू लागले. खुशाल कानापर्यंत लाल व्हायचा. "घरचीच हाय जी," एवढंच सांगायचा.

मी एकदा उर्वशीला विचारलं, की एवढं सगळं होऊन लोकांना आपण कोण ते कळू नये, याचं वाईट नाही वाटत?

"काऊन वाटन गुरुजी?" ती म्हणाली. "मंडईत स्टेजपुढं जेवढे लोक रायत होते, त्याच्याहून जास्त इथी बसले हायेत. अन् मले कोणी पायत नाई. मी चुलीपाशी बसून बोलतो, अन् त्याईले वाटते मी कोणी हाव."

ती वर्षं त्या घराची चांगली गेली. दिव्यानी दहावी होऊन, आईला तुकडे चढवायला शिकवून, चंद्रपूरला वसतिगृहात गेली, तिथून आईला फोन करून सांगायची की मैत्रिणी तुझी नक्कल करतात. रेलाला बछडे झाले, तेव्हा उर्वशीनं त्यांच्या बारशाचा सोहळा लावला होता. मानपान, रुसणाऱ्या आत्याबाई, सगळे आवाज तिचेच. ते ऐकून मी शाळेत एकटाच हसलो होतो.

मग मोहाचे दिवस आले.

आमच्याकडे मोहफुलं पहाटे गळतात आणि उजाडता उजाडता वेचावी लागतात, नाहीतर जनावरं खाऊन जातात. नन्नावऱ्यांच्या बांधावर, नाल्याच्या काठी एक मोठं मोहाचं झाड होतं. सासू-सून दोघी दरवर्षी तिथं जायच्या. रानाच्या पोटात नव्हे, स्वतःच्या शेतात. पुढं काय झालं ते मी गुणाबाईच्या तोंडून ऐकलं. तिनं ते त्या दिवसांत येईल त्याला सांगितलं, प्रत्येक वेळी त्याच शब्दांत.

"मी झाडाच्या इकडच्या अंगाले होती, ते तिकडच्या अंगाले. वाकून वेचून राह्यली होती. बोलूनच राह्यली होती माह्यासंग, दिव्यानी येईन तं तिच्यासाठी मोहाच्या भाकरी करू म्हणे. बोलता बोलता थांबली. मले वाटलं टोपलं उचलाले थांबली. मी म्हटलं, मंग? तं मंगचं काई उत्तरच नाई. मी वळून पायलं तं टोपलं उपडं पडलं होतं, अन् ते नव्हतीच."

ती ओरडलीसुद्धा नव्हती. वाकलेल्या माणसाला वाघ माणूस म्हणून ओळखत नाही, असं गाईड लोकच टुरिस्टांना समजावून सांगतात. खुशालनंही कितीदा सांगितलं असेल.

तो त्या वेळी जंगलात होता. नागपूरचं एक कुटुंब त्याच्या गाडीत होतं आणि त्यांना रेलाच पाहायची होती. तलावावर थांबले, बांबूच्या बेटाशी थांबले. चितळाचा आवाज नाही, वानराचा नाही. खुशाल त्यांना म्हणाला होता, आज ती इकडे दिसत नाही, कुठंतरी बाजूला गेली आहे. मोबाईल सगळ्यांचेच बाहेर. ऊन चढल्यावर गाडी गेटवर परतली, तेव्हा नेहमीसारखं 'काय दिसलं' असं कुणी विचारलं नाही. ड्रायव्हर बिरजू त्याचा जुना दोस्त. गेटवरच्यांनी त्यालाच आधी सांगितलं असावं, कारण तो उतरून खुशालच्या बाजूला आला आणि त्याचा दंड धरून उभा राहिला.

"खुशालभाऊ, घरी चाल."

"माय बरी हाय नं?"

"माय बरी हाय," बिरजू म्हणाला.

उर्वशी नाल्यात सापडली. त्याबद्दल मी लिहीत नाही. खुशालनं तिला ओळखलं ते बांगड्यांवरून.

गावानं दोन दिवस रस्ता अडवला. वनखात्यानं नाल्यात कॅमेरे बांधले. तिसऱ्या रात्री तिथं वाघ पुन्हा येऊन गेला आणि सकाळी साहेबांनी तो फोटो खुशालला दाखवायला आणला. त्याला विचारायचं नव्हतं खरं तर. पण त्या भागातल्या वाघांचे पट्टे त्याच्याइतके कुणाला पाठ नव्हते. मी तिथंच ओसरीवर बसलो होतो. खुशालचं मुंडण केलेलं डोकं, हात गुडघ्यांवर. त्यानं फोटो घेतला, उन्हात तिरपा धरला.

"रेला हाय," तो म्हणाला.

"नक्की? नीट बघा खुशालभाऊ."

"डाव्या डोयावर पाहा नं साहेब. तिचंच हाय." आणि फोटो परत देताना त्यानं सवयीनं विचारलं, "पाय बरा दिसून राह्यला काय तिचा?" 

इकडे इन्स्टाच्या खात्यावर कुणाला काहीच ठाऊक नव्हतं. पेपरात 'मोहफुले वेचणारी महिला ठार' एवढंच आलं होतं. ती महिला आणि रोज ऐकतो तो आवाज एकच, हे लोकांना कळणार कसं? 'नवीन व्हिडिओ कधी?' असं विचारत होते. मग रेलाचं नाव बातमीत आलं आणि सूर बदलला. 'रेला सुरक्षित आहे ना?' 'सवतबाई, आमच्या राणीला काही होऊ देऊ नका.' 'हे गावातले लोक वाघाच्या घरात घुसतातच कशाला?'

दिव्यानी तेराव्यापर्यंत घरी होती. तिनं हे सगळं वाचलं. एका दुपारी तिनं काळ्या चौकोनावर लिहिलं, की या खात्यावरचा आवाज माझ्या आईचा होता, तिचं नाव उर्वशी होतं, आणि ती आता नाही. तिला रेलानं नेलं. त्यावर जोडलेले हात, रडके चेहरे यांची रांग लागली. मग कुणीतरी पुरावा मागितला. कुणी लिहिलं, दुःख आहे पण ती जंगलात का गेली. आणि एकानं लिहिलं, 'तिचं रेलावर जिवापाड प्रेम होतं, रेलाला कैद केलेलं तिला कधीच आवडलं नसतं.' त्याला सगळ्यात जास्त लोकांनी पसंती दिली होती.

दिव्यानीनं मोबाईल बापाच्या हातात दिला आणि ती वसतिगृहात परत गेली. बारावीचं वर्ष तोंडावर होतं.

पाऊस लागायच्या आधी शेजारच्या गावचा सोमाजी नावाचा गुराखी गेला. त्यालाही रेलानंच नेलं. आता मात्र तिला पकडायचा हुकूम निघाला आणि शोधणाऱ्या पथकाला वाट दाखवायला खुशालला बोलावणं आलं. गुणाबाई दारात आडवी उभी राहिली.

"तू नको जाऊ बाबू. तिले पायशीन तं तिचीच बाजू घेशीन."

"अजून किती लोकं जाऊ देऊ माय?"

तो गेला. रेला कुठल्या नाल्यात दुपार काढते, कुठल्या पाण्यावर कधी येते, सगळं त्यानं सांगितलं. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तिला बेशुद्धीची सुई मारली. जाळं टाकून, डोळ्यांवर फडकं बांधून तिला पिंजऱ्याकडे नेलं, तेव्हा एक कोपरा खुशालनं धरला होता. इतक्या वर्षांत तो तिच्या इतक्या जवळ कधी गेला नव्हता.

त्याच संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन बसला. चहा तसाच थंड झाला.

"गुरुजी, मी तिच्या डोक्यात दगड घालाचं मनात घेऊनच गेलो होतो," तो म्हणाला. "सगळे गुंगले होते कामात, कोणी आडवलं नसतं. पण पायलं तं तिची जीभ बाहेर लोंबून राह्यली होती. मागच्या पंज्यात साळिंदराचा काटा मोडला होता, पार पिकला होता. तवाच म्हटलं हे शेतात काऊन आली. तिले पळवत नव्हतं. मले वाटलं, हे उर्वशीले सांगा लागते. घरी गेल्यागेल्या सांगीन." त्यानं कप बाजूला सारला. "फाटकापर्यंत आलो तवा आठवलं."

पिंजऱ्याशेजारी उभ्या असलेल्या खुशालचा फोटो कुणीतरी काढला होता. तो सगळीकडे फिरला. मग त्या खात्यावर शिव्यांचा पाऊस पडला. ज्या वाघिणीनं पोट भरलं तिलाच विकलं. नुकसानभरपाईसाठी केलं. सवत शेवटी सवतच निघाली. हा शेवटचा टोमणा लिहिणाऱ्याला ते नाव कुणी, कुठं, कशावरून ठेवलं होतं, हे काय माहीत! रेलाला सोडा म्हणून कुठल्याशा शहरात मोहीम सुरू झाली होती. सह्या, पोस्टर, मेणबत्त्या.

पावसाळ्यात जंगलाचा आतला भाग बंद झाला, बफर तेवढं चालू राहिलं. खुशाल परत कामाला लागला होता. दुसरं करणार काय? एका सकाळी गेटवरच्या चहाच्या टपरीवर तो उभा होता. बाकावर दोन बायका बसल्या होत्या, टुरिस्टच. एकीच्या मोबाईलमधून उर्वशी बोलली.

"तिले तरास देऊ नका जी. तिचे लेकरं लहान हायेत."

खुशाल हातातला कप ठेवून बाकापाशी गेला. त्या बाईंनी वर पाहिलं, हसून मोबाईल पुढं केला. पडद्यावर रेला होती, आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत तिला मुक्त करा असं लिहिलं होतं.

"गोड आवाज आहे ना?" बाई म्हणाल्या. "इथलीच कोणी गावातली आहे म्हणे. बघा, त्या अडाणी बाईला कळतं ते सरकारला कळत नाही."

ते वाक्य उर्वशीनं खूप आधी म्हटलं होतं, रेलाच्या बछड्यांभोवती गाड्यांची गर्दी झाली होती तेव्हा. पुढं ती म्हणाली होती, 'बाळंतिणीच्या खोलीत एवढे लोक कोणी जाते काय?' तेवढं मोहीमवाल्यांनी कापून टाकलं होतं.

त्या दोघी त्या दिवशी खुशालच्याच गाडीत होत्या. त्यांना त्यानं जंगल दाखवलं, मोर दाखवला, अस्वलाची विष्ठा दाखवली. परत आल्यावर बिरजूला बाजूला घेऊन मोबाईल त्याच्या हातात ठेवला.

"हे खातं काढून टाक."

"बंद ठेवू काय थोडे दिवस?"

"नाई. पुसून टाक. तिचं नाव माह्या घरात नको."

पासवर्ड दिव्यानीचं नाव आणि जन्मसाल होता, घरात सगळ्यांना ठाऊक. बिरजूनं दोनदा विचारलं, नक्की काय, मग दाबलं. दोघांनाही वाटलं ते तिथंच आणि तेव्हाच संपलं. महिन्याभरात मन बदललं तर खातं परत आणता येतं, हे बिरजूला ठाऊक नव्हतं आणि खुशालला तर नव्हतंच. दिव्यानीला ठाऊक असतं. पण तिला त्यानं सांगितलं नाही. पोरीच्या डोक्याला ताप नको, असं त्याच्या मनात होतं.

दिव्यानी दिवाळीच्या सुट्टीत घरी आली. माझी तोवर चिमूर तालुक्यात बदली झाली होती. पण सणाला मी बेहडाटोल्यात होतो, त्यामुळे पुढचं माझ्यासमोर घडलं. अंगणात खाट होती, तिच्यावर ती मोबाईल घेऊन बसली होती. तिचा स्वतःचा, नवा. बराच वेळ काहीतरी शोधत राहिली.

"बाबा, आईचं खातं दिसून नाई राह्यलं."

खुशाल बैलांना वैरण टाकत होता. "काढून टाकलं."

"काढलं म्हणजे?"

"बिरजूनं काढून देल्लं. पोळ्याच्या आधी."

दिव्यानी उठून उभी राहिली. ओरडली नाही. तिचा आवाज आईसारखाच आहे आणि त्या क्षणी तो खूप हळू झाला होता.

"मी एकदाही ऐकलं नव्हतं बाबा. हॉस्टेलात पोरी लावत होत्या तं मी बाहेर जात होती. बारावी झाली का एकटी बसून सगळं ऐकीन म्हणून ठेवलं होतं. जपून ठेवलं होतं."

"त्याच्यात त्या वाघिणीचं नाव होतं बेटा. लोक शिव्या देत होते. तुह्या आईचा आवाज लावून..."

"तुमाले ते वाघिणीचं नाव वाटलं," दिव्यानी म्हणाली. "ते आईचं नाव होतं. तिनं सोता ठेवलेलं तेवढंच एक."

खुशालनं आत जाऊन जुना मोबाईल आणला. त्याला अजून वाटत होतं की काही हरवलेलं नाही. तुकडे तर सगळे आहेत. टुरिस्टांनी पाठवलेले सगळेच त्यानं ठेवले होते. एक लावला. रेला पाण्यात उतरली. इंजिनाची घरघर, कॅमेऱ्यांचे खटखट आवाज, कुणीतरी 'श्श' केलं. दुसरा लावला. तिसरा लावला. उर्वशी खात्यावर चढवतानाच बोलायची, ते बोलणं तिथंच राहायचं. हे त्याला त्या खाटेवर, लेकीच्या शेजारी बसून कळलं. तो एकेक तुकडा लावत गेला. मी म्हटलं, राहू दे खुशाल. त्याला ऐकू आलं नाही.

फोन कधी रेकॉर्ड केले नव्हते. लग्नाची सीडी होती, तिच्यावर नुसता बँड. पंधरा ऑगस्टचे माझ्याकडे फोटो होते, आवाज नव्हता. बापूरावांना विचारलं, नातेवाईकांना विचारलं. दिव्यानीनं संध्याकाळपर्यंत सगळं धुंडाळलं. शेवटी तिला ती मोहीम सापडली. मोहीम केव्हाच थंडावली होती, रेला नागपूरकडच्या कुठल्या तरी बंदिस्त जागेत होती आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. पण तो तुकडा तिथं पडून होता. तिनं तो उतरवून घेतला.

गुणाबाई आतून बाहेर आली. तिला कमी ऐकू येऊ लागलं होतं. "आवाज सापडला म्हणते नं? लाव वं मले."

दिव्यानीनं मोबाईल आजीच्या कानाशी धरला. तिले तरास देऊ नका जी, तिचे लेकरं लहान हायेत. म्हातारीनं पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. मग तिनं मोबाईल हातानं दूर सारला.

"हे तं त्या वाघिणीसाठी बोलून राह्यली," ती म्हणाली. "आपल्यासाठी काईच नाई बोलली काय?"

 खुशाल उठून गोठ्याकडे गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

दिव्यानी भाऊबीजेलाही न थांबता चंद्रपूरला निघून गेली. बारावी झाली, नर्सिंगला प्रवेश मिळाला. आजीला फोन करते. बापाला लागेल तेवढंच बोलते, 'हो', 'नाई', 'जेवली'. त्यानं चूक कबूल केली नाही असं नाही. तो तिच्या वसतिगृहाच्या फाटकाशी दोनदा जाऊन आला. ती खाली आली, त्यानं आणलेला डबा घेतला, रिकामा डबा परत दिला. वाईट वागली नाही. भांडलीही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं तो म्हणतो.

खुशाल अजून गाईडच आहे. पूर्वी जिप्सीत बडबड करायचा, आता विचारलं तेवढं सांगतो. रेलाच्या भागात तिची मोठी लेक फिरते. गेटवरच्या पोरांनी तिला नाव ठेवायला त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, वनखात्यानं नंबर दिला आहे, तोच पुरे.

मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. घर स्वच्छ होतं, चूल पेटलेली होती, गुणाबाई खाटेवर पडून होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. बिरजूच्या पोरीकडून त्याला कळलं होतं, की दिव्यानीनं इन्स्टावर स्वतःचं खातं काढलं आहे, भलत्याच कुठल्या नावानं. फोटो नाही, काही नाही. बिरजूची पोरगी नाव सांगायला तयार नाही. दिव्यानीनं तिच्याकडून शपथ घेतली आहे.

"गुरुजी, तुमची विद्यार्थिनी ते," खुशाल मला म्हणाला. "तुमाले माहीत असन तं नाव सांगू नका. मी विचारत नाई. फक्त एवढं सांगा, त्याच्यात ते बोलते काय?"

मी म्हटलं, मला खरंच ठाऊक नाही.

त्यानं मान हलवली आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठला.